हवेला वाट

"बाई, उदबत्ती हाय का तुमच्यात?"

केरबा चौगुल्यांनी स्टुलावर टेकता टेकता विचारलं. मी त्यांच्या उपचाराच्या कार्डावर तारीख घालत होते. मान वर न करता मी म्हटलं, "कशाला आण्णा? पूजा घालायचीय की काय दवाखान्यात?"

"पूजा न्हवं. ह्या खोलीची हवा कुठनं कुठं जाती त्ये बगायचंय. गेल्या तीन खेपा माज्या डोस्क्यात घोळतंय."

ही जानेवारी दोन हजार तीनमधली, सोमवारची सकाळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. वय सत्तावीस, घरी सात महिन्यांची लेक. सोमवार, बुधवार, शुक्रवार छातीच्या रुग्णांची ओपीडी असायची. टीबीच्या पेशंटांनी त्या दिवशी यायचं, आमच्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि जायचं. केरबाआण्णांचा तिसरा आठवडा चालू होता. साठीतला माणूस, अंगानं वाळलेला, पण डोळे लखलखीत. चाळीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर चुलव्या म्हणून काढले होते. चुलव्या म्हणजे रस आटवायच्या काहिलीखालच्या भट्टीला, चुलवाणाला, जाळ घालणारा. गूळ करणाऱ्या गुळव्याचं नाव होतं, पण जाळ कमीजास्त झाला तर गुळव्याचं काही चालत नाही, असं आण्णा अभिमानानं सांगायचे. त्या वर्षी ऐन हंगामात खोकल्यानं धरलं आणि त्यांना गुऱ्हाळ सोडावं लागलं.

मी हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

ती खुर्ची एस्तेर सिस्टरांची. एस्तेर भोरे, मिरजेला शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या. छातीच्या ओपीडीत त्या चौदा वर्षं बसत होत्या. कुठल्या पेशंटचा नवरा दारू पितो, कुणाला गोळ्यांनी मळमळतं, कोण खोटं सांगून गोळी गालात धरून ठेवतो, सगळं त्यांना तोंडपाठ. महिनाभर त्या खोकत होत्या. "धुळीचा आहे मॅडम," म्हणायच्या. वजन उतरलेलं मला दिसत होतं, आणि दिसत नसल्यासारखं मी वागत होते. शेवटी शुक्रवारी मी जबरदस्तीनं त्यांची थुंकी तपासायला दिली. शनिवारी दुपारी लॅबमधून कागद आला. पॉझिटिव्ह.

सगळे म्हणाले, धंदाच असा आहे. आगीजवळ बसल्यावर चटका बसायचाच. मीही तेच म्हणत होते, स्वतःशी.

औषधं देण्याच्या खिडकीवर रोज सकाळी उदबत्ती लावायचा रिवाज होता. तिथली पुडी मी आणून दिली. आण्णांनी एक काडी पेटवली, फुंकून विझवली आणि धुराची काडी स्वतःच्या तोंडासमोर धरली. अगदी ओठांच्या उंचीवर.

"आता बगा हं. ह्यो माजा खोकला."

धूर सरळ वर गेला. छताच्या खाली आडवा झाला. खोलीत एसी चालू होता, माझ्या पाठीमागच्या भिंतीत; कोंदट वाटतं म्हणून थंडीतही लावलेला. दार लावलेलं. धूर जरासा घुटमळला, मग वळला आणि एसीकडे ओढल्यासारखा माझ्या दिशेनं यायला लागला. माझ्या डोक्यावरून गेला. एसीच्या तोंडापाशी पोचल्यावर तो फुटला, आणि त्याची एक जाडशी पट्टी हळूहळू खाली उतरली. रिकाम्या खुर्चीवर.

आण्णांनी काडी दुसऱ्यांदा धरली, तिसऱ्यांदा धरली. दर वेळी तेच. खुर्चीत कुणी बसलेलं असतं तर धूर नेमका नाकाशी आला असता.

"सिस्टरबाई न्हाईत आज?" आण्णांनी विचारलं.

"आजारी आहेत."

"काय झालंय?"

मी पुन्हा कार्डात मान घातली. त्यांना ते कळलं. त्यांनी काडी जमिनीवर घासून विझवली.

"बाई, तुमीच मला पयल्या दिवशी सांगितलं न्हवं का? घरात खिडकी उगडी ठेवा, नातवंडास्नी जवळ घेऊ नगा, भाईर वसरीवर झोपा. म्या झोपतोय. थंडीचा झोपतोय. आनि हितं तुमच्यात आलो की दार लावून तुमच्या तोंडावर खोकतोय. आमच्या चुलवाणाला बी हवा आत यायला एक त्वांड असतंय आनि जायला धुराडं. एकच वाट ठेवली तर धूर जाळ घालनाऱ्याच्याच डोळ्यात. ह्या खोलीला आत बी वाट न्हाई आनि भाईर बी न्हाई. जे काय हाय त्ये हितल्या हितंच फिरतंय."

मग मान वळवून त्यांनी स्वतःच्या पाठीमागच्या, माझ्या समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी होती. ती प्लायवूडनं पूर्ण बंद केलेली होती, कडांना लांबी भरून, वरून पांढरा रंग दिलेला.

"ही खिडकी कुनी बुजवली?"

"आधीपासून बंदच आहे," मी म्हणाले.

आण्णांनी उठून कडेच्या रंगावरून बोट फिरवलं. गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी सिस्टरांच्या क्वार्टरवर गेले. त्या एकट्याच राहायच्या. मुलगा मिरजेला कॉलेजात होता. ओसरीबाहेर अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. मला फाटक उघडताना बघून त्यांनी हात वर केला.

"मॅडम, इकडनं नका येऊ. वारा तिकडनं येतोय. त्या बाजूनं या, पेरूच्या झाडाकडनं."

मी वळसा घालून गेले. त्यांच्यापासून चार हात लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पायरीवर बसले. त्यांनी स्वतःच ती जागा दाखवली. गोळ्या सुरू केल्या होत्या. मुलाला कळवलं नव्हतं, त्याची परीक्षा होती.

"आज किती होते?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"पारूबाई आली होती? तिचा तिसरा आठवडा चुकायला नको. ती लेकीकडं जायचं म्हणत होती."

"आली होती."

"आणि तुमचं बाळ? बाळाला तपासलंत?"

"एक्स-रे काढला. ठीक आहे."

"देवाची कृपा." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या शनिवारपासून बहुतेक त्यांच्या मनात तेवढंच होतं.

मला त्यांना केरबाआण्णांच्या उदबत्तीचं सांगायचं होतं. सांगितलं. धूर कसा गेला, कुठं उतरला. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "हुशार आहे म्हातारा." मी थांबले. त्यांनी आणखी काही बोलावं अशी माझी अपेक्षा होती, आणि भीतीही. पेरूच्या झाडावर पोपट आले होते, त्यांच्याकडे बघत बसल्या.

बुधवारी केरबाआण्णा आले ते हातात एक चिपाड घेऊन. उसाच्या त्या चिपाडानं त्यांनी फरशीवरच्या धुळीत खोलीचा नकाशा काढला. रस्त्याकडची खिडकी, समोरच्या भिंतीत एसी, बाजूला व्हरांड्याचं दार.

"खिडकी उगडायची. त्यो एसी काडायचा. त्येच्या मागं काय हाय?"

"मोकळी जागा. परसातलं रान."

"झ्याक. त्या भोकात हवा भाईर फेकनारा पंखा बसवायचा. मग तुमी खिडकीकडं पाठ करून बसायचं, सिस्टरबाई तुमच्या बाजूला. पेशंट हितं, पंख्यापाशी. खिडकीतनं ताजी हवा येनार, ती पयली तुमास्नी लागनार, मग पेशंटला, मग भाईर. माजा खोकला तुमच्याकडं यायच्या आधी पंख्यातनं गेलाच."

"आणि दार?"

"दार लावायचं. ते उगडं राहिलं तर पंखा दारातनंच हवा ओढील, खिडकीचा आळस करील. आनि दारातनं हवा भाईर सोडायची न्हाई. व्हरांड्यात मानसं बसल्यात."

हे सगळं पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते परीक्षेसाठी वाचलं होतं, मार्कही मिळाले होते.

एसी काढायचा म्हणजे बापूसाहेब इंगवल्यांशी बोलणं आलं. तो त्यांनी दिला होता. भातगिरणीचे मालक, रुग्णालयाच्या सल्लागार समितीत होते. एसीखाली पितळी पाटी होती, त्यांच्या दिवंगत आईच्या नावाची. मी निरोप पाठवला, आणि शुक्रवारी ऐन ओपीडीच्या वेळी ते स्वतःच आले. केरबाआण्णा स्टुलावर बसले होते. मी त्यांना बाहेर थांबायला सांगणार होते, पण बापूसाहेब उभ्यानंच सुरू झाले.

"डॉक्टर, मी काय ऐकतोय? आईच्या नावाची वस्तू भिंतीतून उपटायची म्हणताय?"

मी समजावून सांगितलं. सिस्टरांचा आजार सांगितला. धूर दाखवते म्हणाले. त्यांना धूर बघायचा नव्हता.

"ते राहू द्या. मला एक सांगा, मागितला कुणी होता हा एसी? गेल्या मार्चमध्ये माझ्या घरी येऊन, सोफ्यावर बसून, कोण म्हणालं की खोलीत उकडतं, रस्त्यावरची धूळ येते, उसाच्या ट्रॅक्टरच्या आवाजानं पेशंटची छाती ऐकू येत नाही? तुम्हीच ना? खिडकी बुजवायला सुतारसुद्धा तुम्हीच बोलावला होता. आता एकदम एसीच वाईट झाला?"

आण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

खरं होतं सगळं. मार्चमध्ये मला सातवा महिना होता. दुपारच्या ओपीडीत दोनदा भोवळ आली होती. प्लायवूड ठोकायच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "मॅडम, निदान वरची दोन तावदानं तरी राहू द्यात. इथं खोकणारी माणसं येतात." मी म्हटलं होतं, "अर्धवट बंद केली तर एसीचा काय उपयोग?" त्या गप्प बसल्या होत्या. मेमध्ये मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. बदली डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तासाभरात जायचे. रजा संपेपर्यंत त्या बंद खोलीत दर ओपीडीला जाऊन बसत होत्या त्या एकट्या एस्तेर सिस्टर. खोली मी बंद केली होती आणि मी निघून गेले होते.

"मीच मागितला होता," मी बापूसाहेबांना म्हटलं. "मीच खिडकी बुजवली. चूक माझी आहे. म्हणून काढायलाही मीच सांगतेय."

"आणि आईची पाटी?"

"लॅबमध्ये एसीची गरज आहे. तिथं मशीन तापतात. एसी तिथं लावू, पाटीसकट. तिथं पेशंट बसत नाहीत."

ते तसेच निघून गेले. पुढं वर्षभर रस्त्यात भेटले तरी त्यांनी मला नमस्कार केला नाही. पण दुसऱ्या दिवशी गिरणीतून दोन माणसं आली आणि त्यांनी एसी काळजीपूर्वक उतरवून लॅबमध्ये नेला.

बापूसाहेब गेल्यावर मी आण्णांकडे वळले. "आण्णा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. खिडकी आधीपासून बंद नव्हती."

"ठावं हाय. रंग अजून पिवळा पडला न्हवता." त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या. "बुजवली कुनी ह्ये म्या इचारनार न्हाई परत. काडनार कवा, त्ये सांगा."

आम्ही रविवारी काढली. सुतार आला नाही, तेव्हा आण्णांनी स्वतः पहार लावली. दोन ठोक्यांनंतर त्यांना खोकला आला म्हणून मी त्यांना बाहेर उन्हात बसवलं आणि पहार हातात घेतली. प्लायवूड सुटला तेव्हा दहा महिन्यांची धूळ माझ्या तोंडावर आली. मागची तावदानं कोळ्यांच्या जाळ्यांनी भरली होती. कडी गंजली होती, तेल सोडून सोडून उघडली. खिडकीला बारीक जाळी ठोकली. सोमवारी मी सुपरिंटेंडेंट साहेबांची सही घेतली, आणि बुधवारपर्यंत कोल्हापुरातून मोठा पंखा आला.

आमचा पहिला प्रयत्न फसला. पंखा बसवला, स्टूल पंख्यापाशी ठेवलं, माझं टेबल खिडकीकडे ओढलं. सकाळी धूर छान बाहेर गेला. दुपारी मागच्या रानाकडून वारा सुटला आणि पंख्यातून उलटा झोत आत यायला लागला. आण्णांनी धरलेला धूर मागं वळून पुन्हा माझ्या टेबलावर आला. मला रडूच आलं.

आण्णा मात्र खूश दिसले.

"आता खरा रोग सापडला बगा. आमच्यात ह्येला उलटा जाळ म्हनत्यात. वारं फिरलं की धुराडं आत वकतंय. त्येला टोपी लागती."

त्यांनी पत्र्याचा डबा कापून, तिरका वाकवून, पंख्याला बाहेरून छपरासारखी टोपी केली. खालून उघडी, मागून बंद. हात कापले, मी टिंक्चर लावलं. मग पुन्हा उदबत्ती. मागचं वारं वाहत होतं, पण धूर आण्णांच्या तोंडापासून निघाला, आडवा झाला आणि पंख्यात शिरला. वर नाही, माझ्याकडे नाही. आम्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाऱ्यात, आठ दिवस धूर धरून बघितला. एकदा दार उघडं राहिलं होतं तेव्हा बिघडला, एरवी नाही.

उकाडा परत आला. रस्त्याची धूळही आली. ट्रॅक्टर गेला की मी स्टेथोस्कोप कानातून काढून थांबायचे आणि तो गेल्यावर पुन्हा लावायचे. फार वेळ जात नसे त्यात.

केरबाआण्णा सहा महिन्यांत बरे झाले. शेवटच्या तपासणीचा कागद त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला आणि पुढच्या हंगामाला चुलवाणावर गेले. जाताना मला म्हणाले, "नातू मांडीवर घेतला बाई. तुमी घ्या म्हनल्याला चार महिनं झालं, पन काल पयल्यांदा पोटभरून घेतला."

एस्तेर सिस्टरांना दोन महिन्यांनी कामावर यायला परवानगी मिळाली. थुंकी निगेटिव्ह झाली होती, वजन थोडं भरलं होतं. सुपरिंटेंडेंट साहेबांनी त्यांना लसीकरणाच्या खोलीत बदली द्यायचं ठरवलं होतं. "आता तरी सुरक्षित ठिकाणी बसा," म्हणाले. मीही तेच सांगायचं ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी मी ओपीडीत गेले तर त्या खोलीत होत्या. खिडकीशी उभ्या राहून, हात लांब करून, तळव्यावर हवा लागते का बघत होत्या.

मी आठ दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "सिस्टर, खिडकी मी बंद केली होती. तुम्ही नको म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. मग मी रजेवर गेले आणि तुम्ही..."

"मॅडम." त्यांनी मला थांबवलं. त्यांचा आवाज कडक होता. "तुमची चूक होती, हे खरं आहे. नव्हती असं मी म्हणणार नाही. चौदा वर्षांत कधी लागला असेल रोग, कुणाला माहीत? पण त्या खोलीनं मदत केली असणार." पुढं म्हणाल्या, "आणि मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं. तुमचं पोट बघून गप्प बसले. आता गप्प बसणार नाही, एवढं सांगते."

"नका बसू," मी म्हटलं.

"मग ऐका. पेशंटचं स्टूल अजून हातभर पंख्याकडं सरकवा. आणि माझी खुर्ची तुमच्या टेबलाच्या मागं नको, शेजारी हवी. मागं बसले तर पेशंटचं तोंड दिसत नाही मला."

"म्हणजे तुम्ही इथंच..."

"लसीकरणात कुणी खोकत नाही. मी तिथं काय करू?"

मी स्टूल सरकवलं. त्यांनी स्वतःची खुर्ची आणली, बसल्या, रजिस्टर उघडलं.

ह्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्या खोलीत त्यांच्यानंतर तीन सिस्टर बसल्या आणि माझ्यानंतर चार डॉक्टर. त्यांच्यापैकी कुणाला टीबी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ते हवेमुळंच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आज नवीन दवाखान्याचा नकाशा माझ्यासमोर आला की मी बाकी काही बघायच्या आधी इंजिनियरला विचारते, इथं सिस्टर कुठं बसणार आणि वारा कुठनं येणार? बहुतेकांना ते माहीत नसतं. मग आम्ही सुरुवातीपासून सुरुवात करतो.

त्या सोमवारी पहिली पेशंट आली ती पंचविशीची बाई होती. शेजारच्या वाडीतली, पहिल्यांदाच आलेली. दारातच तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओशाळून पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड फिरवून उभी राहिली. खोकला दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत यायला तयार होईना.

सिस्टर उठल्या, तिचा दंड धरून तिला स्टुलावर आणून बसवलं.

"इथं बस. पदर धर तोंडावर आणि खोक चांगली. दाबू नको. इथनं तो बाहेर जातो."

बाईनं एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग ती खोकली, मोकळेपणानं, पूर्ण उबळ संपेपर्यंत. आणि दम खाऊन, पहिल्यांदाच मान वर करून, आपलं नाव सांगितलं.